फॉल्डचा खड्डा आणि एक पितळी छिन्नी

२७ नोव्हेंबर १९४४, सोमवार. सकाळचे अकरा वाजून अकरा मिनिटं. इंग्लंडच्या साधारण मध्यावर, स्टॅफर्डशायरमधल्या हॅनबरी नावाच्या खेड्याजवळ, जमिनीखाली रचून ठेवलेला साडेतीन ते चार हजार टन दारूगोळा एकदम उडाला. पाठोपाठ दोन प्रचंड धडाके झाले. काळ्या धुराचे खांब हजारो फूट वर गेले. जमीन इतकी हादरली की थेट आफ्रिकेत, मोरोक्कोतल्या कॅसाब्लँकाच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

चार हजार टन म्हणजे नक्की किती? दहा टनी ट्रक धरले तर चारशे ट्रक. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर एकामागे एक उभे केले तर चार-पाच किलोमीटरची रांग होईल, आणि प्रत्येक ट्रक काठोकाठ स्फोटकांनी भरलेला. अणुबॉम्ब सोडले तर माणसाच्या हातून झालेल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांमध्ये याची गणना होते. आणि तरीही, पैज लावतो, आपल्यापैकी फार थोड्यांनी याचं नाव ऐकलं असेल. आपलं सोडा, माझ्या टीममधल्या इंग्रज पोरांनाही माहीत नव्हतं. "फॉल्ड? ते कुठे आलं?" हे मला विचारणारा पोरगा तिथून वीस मैलांवर जन्मला आहे!

तर मंडळी, या वीकेंडचा लेख फॉल्डवर.

आधी थोडी पार्श्वभूमी. या भागात जमिनीखाली जिप्समचे जाड थर आहेत. जिप्सम म्हणजे तेच, जे भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात. आपल्या गणपतीच्या मूर्तींवरून दरवर्षी ज्या पीओपीचा वाद होतो, तेच. याच खडकाचा पांढराशुभ्र, कोरीवकामाला योग्य असा प्रकार म्हणजे अलाबास्टर. जवळच्या टटबरी गावातल्या चर्चच्या दरवाजावर बाराव्या शतकातली अलाबास्टरची कमान आहे, आणि इंग्लंडमध्ये हा दगड वापरल्याचा तो सगळ्यात जुना नमुना समजला जातो. म्हणजे आठशे वर्षांहून जास्त काळ इथली माणसं जमीन पोखरत आली आहेत. पोखरून माल काढला की मागे काय उरतं? कोरडे, थंड, मोठमोठे बोगदे आणि छताला आधार देणारे खडकाचे खांब.

१९३०च्या दशकाच्या शेवटी युद्धाची चिन्हं दिसायला लागली आणि ब्रिटिश हवाई दलाला बॉम्ब ठेवायला जागा हवी झाली. उघड्यावर ठेवले तर जर्मन विमानं वरून टिपणार. मग बंद पडलेल्या खाणींचे बोगदे आयतेच मिळाले. वर शेतं, गाई, मेंढ्या, खाली बॉम्ब. वरून पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये. हवाई दलाचं हे २१ नंबरचं मेंटेनन्स युनिट. १९४४च्या शरद ऋतूत तर काम अगदी शिगेला पोचलं होतं. जर्मन शहरांवर रात्रंदिवस बॉम्बफेक चालू होती आणि विमानतळांची मागणी संपता संपत नव्हती. इथला प्रत्येक बॉम्ब शेवटी कुठल्यातरी शहरावर पडण्यासाठीच होता, हेही लिहून ठेवायला हवं. हॅनबरीबद्दल वाचताना ते सहज विसरायला होतं.

मी सध्या डर्बीत ऑनसाईट आहे. डर्बीहून क्रूला जाणाऱ्या गाडीने टटबरीच्या स्टेशनावर उतरलो आणि पुढे चालत निघालो. बरोबर रूममेट होता. त्याचं म्हणणं, शनिवारी झोपायचं सोडून एक खड्डा बघायला जायचं म्हणजे कमाल आहे. (तो नागपूरचा आहे. सगळ्याच गोष्टींना 'कमाल आहे' म्हणतो.) तासा-दीड तासात हॅनबरी येतं. छोटंसं गाव, टेकडीवर सेंट वरबर्गचं चर्च, आणि तिथून शेतांमधून जाणारी पायवाट. मध्ये मध्ये कुंपणं ओलांडायला लाकडी पायऱ्या. पावसाने चिखल एवढा की बूट वर उचलताना पचाक पचाक आवाज येत होता.

आणि मग एकदम कुंपण लागतं. तारेवर पाटी, की आत जाऊ नका, इथे न फुटलेले बॉम्ब आहेत. पलीकडे जमीन संपते.

खड्डा सुमारे तीस मीटर खोल आणि दोनशे तीस मीटर रुंद आहे. आपल्या लोणारच्या विवरापुढे हे काहीच नाही, ते जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आहे. पण लोणार उल्केने झालं, हे माणसांनी केलं. तीस मीटर म्हणजे दहा मजली इमारत. कोथरूडमधली एखादी अख्खी सोसायटी, तिच्या पार्किंगसकट आणि गणपतीच्या मांडवासकट, आत बसेल आणि वर गच्चीसुद्धा डोकावणार नाही. आता आत झाडं वाढली आहेत, झुडपं माजली आहेत. त्या दिवशी धुकंही होतं, त्यामुळे तळ दिसलाच नाही. पाटी नसती तर एखादी हिरवी दरी म्हणून फोटो काढून निघून गेलो असतो. रूममेट मात्र बराच वेळ काही बोलला नाही.

या खड्ड्याच्या जागी त्या सोमवारी सकाळपर्यंत एक शेत होतं. अप्पर कॅसल हेज फार्म. घर, गोठे, शेतकरी, त्याची बायको, कामावरची माणसं. यातलं काहीच उरलं नाही. 'उद्ध्वस्त झालं' म्हणायलासुद्धा काहीतरी अवशेष लागतात. इथे घराची जागाच राहिली नाही, जमीनच हवेत गेली. आसपासच्या रानात दोनशेच्या आसपास गुरं मेली. गावातला कॉक इन नावाचा पब मोडकळीला आला. आसपासच्या शेतघरांचंही मोठं नुकसान झालं.

इथपर्यंतची गोष्ट कुठेही वाचायला मिळते. पण मला सगळ्यात जास्त जी गोष्ट लागली ती पुढची आहे.

मृतांचा आकडा साधारण सत्तर. आपण गृहीत धरतो की बॉम्बच्या कोठारात स्फोट झाला म्हणजे बहुतेक माणसं कोठारातलीच गेली असणार. तसं नाही. डेपोतले मृत आणि बेपत्ता मिळून सव्वीस. त्याहून जास्त, म्हणजे सदतीस माणसं, गेली ती शेजारच्या प्लास्टरच्या कारखान्यात, त्याच्या खाणीत आणि आजूबाजूच्या शिवारात. हा कारखाना पीटर फोर्ड यांचा (मोटारवाले फोर्ड नव्हेत). जिप्सम खणायचं, भाजायचं, प्लास्टर करायचं, हा त्यांचा धंदा. बॉम्बशी काडीचा संबंध नाही. पण कारखान्याच्या वरच्या अंगाला पाण्याचा मोठा तलाव होता. स्फोटाने त्याचा बांध फुटला. पाणी, माती, झाडं, दगड यांचा लोंढा उतारावरून खाली आला आणि कारखाना गिळून गेला. काही माणसं बुडाली, काही चिखलात गाडली गेली. बॉम्बच्या स्फोटात माणसं बुडून मेली, हे वाक्य मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुकीचं छापलंय असं वाटलं होतं.

बचावाला गेलेल्यांपैकीही एकाचा जीव गेला. बोगद्यांत विषारी वायू भरला होता. डेपोतले पाच जण या वायूनेच गेले. म्हणजे स्फोटातून वाचले आणि मग श्वासाने मेले.

आता प्रश्न येतो, का झालं?

लगेच लष्करी चौकशी बसली, पण युद्ध चालू होतं. शत्रूला एवढं मोठं नुकसान कळू द्यायचं नव्हतं, त्यामुळे कारण गुलदस्त्यातच राहिलं. डेपोत इटालियन युद्धकैदीही काम करत होते, तेव्हा घातपाताची कुजबुज होणं साहजिक होतं. शेवटी तीस वर्षांनी, १९७४ मध्ये, संभाव्य कारण जाहीर झालं. एक कामगार जिवंत बॉम्बमधला डेटोनेटर काढत होता. नियम असा की त्यासाठी लाकडी पट्टी वापरायची. त्याने वापरली पितळी छिन्नी. ठिणगी पडली. एका साक्षीदाराने तशी छिन्नी चालवताना पाहिल्याचं सांगितलं होतं.

झालं! एक माणूस, एक छिन्नी, एक ठिणगी. फाईल बंद.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला काही पडलं की आरसीए लिहावा लागतो, रूट कॉज अॅनालिसिस. त्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो आणि त्यात सगळ्यांचं लाडकं उत्तर म्हणजे 'ह्यूमन एरर'. हे दोन शब्द लिहिले की मीटिंग दहा मिनिटांत संपते. ज्याने ती कमांड रन केली त्याचं नाव येतं. ती कमांड रात्री दोन वाजता, थेट प्रॉडक्शनवर, एकट्या माणसाला रन करता येते ही व्यवस्था कुणी केली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. फॉल्डचं वाचताना मला तो रकाना सारखा आठवत होता.

गंमत म्हणजे, गंमत हा शब्द बरोबर नाही पण असो, चौकशीत बाकीच्याही गोष्टी नोंदल्या गेल्या होत्या. देखरेखीची एक वरिष्ठ जागा वर्षभर रिकामी होती. माणसंच मिळत नव्हती. १८९ इटालियन कैदी कामाला होते आणि या कामाचा त्यांना अनुभव नव्हता. साधनं अपुरी, प्रशिक्षण अपुरं. एकाच खाणीत वेगवेगळ्या खात्यांची माणसं काम करत होती आणि कोण कुणाला जबाबदार हे स्पष्ट नव्हतं. वरून सरकारचा धोशा, काम वाढवा, काम वाढवा. मग नियम भिंतीवर आणि काम बोगद्यात, असं चालू झालं.

यात मला स्वतःला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. ज्या बोगद्यांत हजारो टन साठा रचून ठेवला आहे, त्याच्या शेजारीच बसून कुणी जिवंत बॉम्ब उघडतोच कसा? डेटोनेटर काढायचं काम वेगळ्या, लांबच्या शेडमध्ये झालं असतं तर त्याच छिन्नीने, त्याच ठिणगीने एक शेड उडाली असती. दोन-चार माणसं गेली असती, आणि तेही वाईटच. पण खाली कारखान्यात प्लास्टरची पोती भरणारी माणसं संध्याकाळी घरी गेली असती. ठिणगी दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो जागेचा, आणि जागा कामगार ठरवत नाही.

आमच्या नात्यातले एक काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले आहेत. त्यांना रविवारी फोन केला आणि हे सगळं सांगितलं. पितळी छिन्नी म्हटल्यावर ते हसलेच.

"अरे, पितळ तर ठिणगी उडू नये म्हणूनच वापरतात. लोखंडापेक्षा ते बरं."

"मग काका, पितळाने उडालं कसं?"

"नुसत्या ठोक्याने आणि घासण्यानेही उडू शकतं. काही माल इतका नाजूक असतो की त्याला ठिणगी लागतच नाही. म्हणून तर लाकूड सांगितलेलं असतं. पण लाकडाने वेळ लागतो. दिवसाला अमुक इतके नग झालेच पाहिजेत म्हटलं की माणूस काय करणार, सांग तू."

"पण नियम होता ना?"

"नियम असतोच रे. नियम पाळला म्हणून कुणाला शाबासकी मिळालेली मी तरी पाहिली नाही. नग किती झाले ते मात्र रोज संध्याकाळी विचारायचे."

मग त्यांनी खिळे नसलेल्या बुटांबद्दल आणि गेटवरच्या काडेपेटीच्या झडतीबद्दल बरंच सांगितलं. ते परत कधीतरी.

काकांशी बोलताना मुंबईचा विषय निघणं साहजिकच होतं. कारण तेच वर्ष! १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन हे जहाज. फॉल्डच्या आधी जेमतेम साडेसात महिने. त्या जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. त्यांच्या जोडीला कापसाच्या गासड्या भरल्या होत्या, आणि सोन्याच्या विटाही होत्या. आपल्याकडे आठवणीत राहिल्या त्या विटाच. आग लागली कापसाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशमन जवान गेले, आणि म्हणून आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तिथेही लोक विचारतात की आग कशाने लागली, कुणी सिगारेट टाकली का. स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात कुणी भरू दिला, आणि ते जहाज शहराला चिकटून असलेल्या गोदीत कुणी आणू दिलं, हे प्रश्न त्या सिगारेटपेक्षा कितीतरी मोठे आहेत. युद्धाची घाई, एवढंच दोन्हीकडचं उत्तर. मुंबईला निदान एक दिवस तरी मिळाला.

इटालियन कैद्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण त्यांची जागा या गोष्टीत फार विचित्र आहे. १९२९च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांना दारूगोळ्याच्या कामाला लावता येत नाही. स्पष्ट मनाई आहे. पण सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली आणि ऑक्टोबरमध्ये उलट जर्मनीविरुद्धच युद्ध पुकारलं. मग ब्रिटनमधल्या या कैद्यांचं काय करायचं? त्यातल्या ज्यांनी होकार दिला त्यांना 'सहकारी' असा नवा दर्जा दिला. घरी जाऊ दिलं नाही, पण आता काम मात्र कुठलंही देता येत होतं. शब्द बदलला आणि माणूस बॉम्बच्या बोगद्यात गेला. त्याच वर्षी आपली मराठा पलटण इटलीच्या डोंगरांत जर्मनांशी लढत होती. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिकडे टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातला पोरगा इटलीत आणि इटलीतला पोरगा स्टॅफर्डशायरमध्ये. दोघांपैकी कुणाचंच घर त्या भांडणात नव्हतं असं म्हणावं, तर इटालियनाचं होतं, पण त्याला तिथे जाता येत नव्हतं.

मला उगाच वाटतं की घातपाताची कुजबुज या लोकांना जन्मभर पुरली असेल. जे वाचले त्यांना.

आणि छिन्नीवाला? ज्याच्यावर बोट ठेवलं तो, उघडच आहे, आपली बाजू सांगायला उरला नव्हता. त्याला लाकडी पट्टी दिली होती का, त्याच्या आधीच्या पाळीतला माणूस काय वापरत होता, छिन्नी त्याच्या हातात आली कुठून, हे विचारायची सोय नाही. मला तो माणूस निर्दोष ठरवायचा नाही. त्याने नियम मोडला असेल तर मोडला. पण ज्यांनी ती जागा वर्षभर रिकामी ठेवली त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत, आणि छिन्नी मात्र सगळ्यांना पाठ आहे. मीसुद्धा लेखाच्या नावात तीच घातली आहे, बघा.

स्फोटानंतर डेपो बंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही! सगळा साठा उडालाच नव्हता. उरलेल्या भागात ब्रिटिश हवाई दलाने १९६६ पर्यंत दारूगोळा ठेवला. त्याच सुमारास फ्रान्सने नाटोच्या लष्करी रचनेतून अंग काढून घेतलं आणि अमेरिकन सैन्याला आपला तिथला दारूगोळा हलवणं भाग पडलं. तो कुठे ठेवायचा? आला फॉल्डला. १९७३ पर्यंत अमेरिकन लोक इथे होते. म्हणजे खड्डा झाल्यावरही जवळजवळ तीस वर्षं हॅनबरीची माणसं बॉम्बच्या शेजारी राहिली, आणि स्फोटाचं कारण त्यांना सांगितलं गेलं ते अमेरिकन गेल्यावर पुढच्या वर्षी.

खड्ड्याच्या काठावर एक स्मारक आहे, पांढऱ्या ग्रॅनाइटचं. दगड इटलीहून आला, तिथल्या हवाई दलाच्या लोकांनी दिलेला. १९९० मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी, तो बसवला. त्यावर नावं कोरली आहेत. हवाई दलाचे, डेपोतले नागरी कामगार, इटालियन, शेतावरचे, प्लास्टर कारखान्यातले, सगळे एकाच दगडावर. आम्ही गेलो तेव्हा पायथ्याशी कागदी पॉपीची दोन चक्रं ठेवलेली होती, पावसाने रंग उतरलेली. रूममेटने इटालियन आडनावं शोधून मोजली. सहा भरली.

त्या दगडावरच्या काही जणांचे मृतदेह कधी मिळालेच नाहीत. कुंपणाच्या आत कुणाला जाऊ देत नाहीत त्याचं एक कारण न फुटलेले बॉम्ब. दुसरं कारण पाटीवर लिहिलेलं नाही.